आधी पहिली ऐका

भामरेसाहेबांना तुम्ही काहीही सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "सुरुवात कुठून केलीत?" घराला रंग देतोय म्हटलं तरी हेच, दाढ दुखतेय म्हटलं तरी हेच. नाशिकला अंबडच्या आमच्या कारखान्यात ते क्वालिटीला होते आणि मी स्टोअर्सला. बाहेरून आलेला माल त्यांनी पास केल्याशिवाय माझ्याकडे येत नसे. माल तपासता तपासता त्यांना माणसं तपासायचीही सवय लागली होती. कँटीनमध्ये पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसलो आणि मिसळीच्या रश्श्यात पाव बुडवला मात्र, ते म्हणाले, "आधी मटकी खायची. तर्री नंतर. एकदम तर्रीला भिडलात की पुढचं काही कळत नाही." मी तर्रीला भिडलो होतो आणि मला सगळं व्यवस्थित कळत होतं. पण नोकरीत नवा होतो, म्हणून पाव बाजूला ठेवून मटकी खाऊ लागलो.

एकदा कारखान्यात मशीन बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला. त्याला इथलं हॉटेलचं खाणं सोसेना. भामरेसाहेबांनी तो असेपर्यंत त्याला घरचा डबा आणून दिला. जाताना तो सीड्यांनी भरलेला एक खोका त्यांच्या हातात ठेवून गेला. सगळ्या सीड्या एकाच जाझ पियानोवादकाच्या. साहेब मूळचे देवळ्याचे, कांदा पिकवणाऱ्या घरातले. पियानो त्यांनी तोवर फक्त हिंदी सिनेमात, नायकाचा प्रेमभंग झाल्यावर, पाहिला होता. पण त्या सीड्या ऐकल्या आणि हा माणूस त्या वादकाचा झाला तो कायमचा. वादकाचं नाव मी इथे सांगणार नाही. तशी साहेबांची ताकीदच आहे. "नाव सांगितलं की लोक मोबाईल काढतात, मधलंच काहीतरी लावतात आणि म्हणतात, ऐकलं, ठीक आहे. त्यापेक्षा न ऐकलेलं बरं."

तो वादक कुठून ऐकायला घ्यायचा, याच्या त्यांनी पायऱ्या ठरवल्या होत्या. पहिल्या सीडीत तो एकटाच वाजवतो. "आधी माणसाची ओळख करून घ्या, मग त्याचे मित्र भेटतील," असं ते म्हणायचे. मित्र म्हणजे ढोल वाजवणारा आणि मोठं तंतुवाद्य वाजवणारा, ते पुढच्या सीड्यांत यायचे. आणि सगळ्यात शेवटी ती मोठी मैफल, जी ऐकून म्हणे जगभरचे लोक वेडे झाले. ती सीडी कपाटात वेगळ्या कप्प्यात असे. मी एकदा सहज तिला हात लावला, तर साहेब म्हणाले, "ठेवा. अजून तुमचा पाया भरायचाय."

माझा पाया काही भरेना. पहिली सीडी मी घरी नेली, मनापासून ऐकली आणि परत द्यायला गेलो. त्यांनी मला समोर बसवून विचारलं, "डावा हात काय करत होता?"

मी म्हटलं, "वाजवत होता."

"पुन्हा ऐका," असं म्हणून त्यांनी सीडी माझ्या पिशवीत घातली. पुढच्या खेपेला मी डाव्या हाताची तयारी करून गेलो, तर त्यांनी उजव्याचं विचारलं. दहावीला गणितात माझी जी अवस्था होती, तीच पन्नाशीत पियानोत झाली. दुसऱ्या सीडीचं तोंड मी पाहिलं नाही. माझं सोडा, त्यांच्या सख्ख्या बायकोनेही पाहिलं नव्हतं. वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "लग्नाच्या बायकोलासुद्धा म्हणाले, तू आधी पहिली ऐक. मी म्हटलं, मी आधी कुकर लावते."

त्यांच्या भाच्याने एकदा मोबाईलमधलं गाण्यांचं ॲप दाखवलं. बटण दाबलं की गाणी वरखाली करून कुठूनही लागतात, हे ऐकल्यावर साहेब चहा अर्धा टाकून उठले. "हे म्हणजे वरातीपासून सुरू करायचं आणि मुलगी नंतर बघायची!" भाचा त्यानंतर त्यांच्याकडे चहाला कमी आणि जेवायलाच जास्त येऊ लागला, कारण जेवताना साहेब बोलत नसत.

रिटायर झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की दाराची बेल वहिनींना ऐकू येते, आपल्याला येत नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, इतकी वर्षं कारखान्यातल्या प्रेस मशीनच्या आवाजात काढलीत, कान उतरत चाललेत, आणि उतरतच जाणार. दुसरा कोणी घाबरला असता आणि घरी येऊन आवडीची सीडी लावून बसला असता. साहेब माझ्याकडे आले. "कान जायच्या आत नाशकात एक तरी माणूस तयार करायचाय. मी गेल्यावर नाही, मी असताना. ह्या माणसाबद्दल मला कोणाशी तरी बोलायचंय हो." इतक्या वर्षांत ते त्या वादकाबद्दल आमच्याशी तासन्‌तास बोलले होते, पण उलट उत्तर देणारं त्यांना कोणी भेटलं नव्हतं. भेटणार कुठून? सगळे पहिल्या सीडीवर नापास.

मग कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळात त्यांचा कार्यक्रम ठरला. विषय, "पियानोवादक ऐकायला सुरुवात कुठून करावी?" मंडळाने आपल्या रिवाजाप्रमाणे सगळं केलं. समई आणली, पाहुण्यांना गुलाबपुष्पं आणली, आणि पियानोवादकाचा मोठा फोटो छापून आणून त्याला झेंडूचा हार घातला. हार पाहून अध्यक्षांनी माईकवर गंभीर आवाजात सांगितलं, "आपण प्रथम दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या."

सगळे उभे राहिले. त्या शांततेत साहेब, चिडल्यावर जी त्यांच्या तोंडी यायची त्या देवळ्याकडच्या बोलीत ओरडले, "अरे, तो जिवंत शे!"

"असं कसं?" अध्यक्ष माईक न झाकता म्हणाले. "हार घातलाय ना."

"मग काढा तो हार!"

"आता उभे राहिलेत सगळे. मधेच बसवणं बरं दिसत नाही."

दोन मिनिटं पूर्ण झाली. पुढल्या रांगेतल्या एक आजी डोळे पुसत होत्या. मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्यांचा परिचय. साहेब बोलायला उभे राहिले तेव्हा निम्मा वेळ सरला होता. उरलेला निम्मा त्यांनी पहिली सीडी पहिली का, हे सांगण्यात घालवला. शेजारी सीडी प्लेअर जोडून तयार होता. कोणीतरी मागून म्हणालं, "सर, एखादा तुकडा ऐकवा की." साहेब म्हणाले, "एकदम कसा ऐकवणार? अजून माझी पार्श्वभूमी चाललीय." तेवढ्यात योगासनांच्या बायका सतरंज्या घेऊन दारात आल्या आणि आभारप्रदर्शन झालं. पियानोचा एक सूरही न वाजता कार्यक्रम यशस्वी झाला, असं अध्यक्ष म्हणाले. त्या दिवशी मला हसू आवरेना, पण साहेब प्लेअरच्या वायरी गुंडाळत होते ते पाहून ते आपोआप आवरलं.

पुढे त्यांना कानाचं मशीन लागलं. त्याने बोलणं नीट ऐकू यायचं, पण पियानो मात्र पत्र्याच्या डब्यात खिळे ओतल्यासारखा वाजायचा. मशीन काढलं तर काहीच नाही. वहिनी सांगत होत्या, साहेब एकदा प्लेअरसमोर मशीन लावत-काढत बसले, आणि मग प्लेअरवर कापड टाकून उठले. त्यांच्याकडे जायला माझा पाय उचलेना. पहिली सीडी तर अजून माझ्याचकडे होती.

एका रविवारी सकाळी त्यांचाच फोन आला. "या. मोठी मैफल लावू."

मी म्हटलं, "साहेब, मी अजून पहिलीवरच आहे."

"माहितीये मला. या."

गेलो. त्यांनी वेगळ्या कप्प्यातली सीडी काढली, रुमालाने पुसली, प्लेअरमध्ये घातली. प्रास्ताविक नाही, पार्श्वभूमी नाही. मला खुर्चीवर बसवलं, स्वतः समोर स्टुलावर बसले आणि कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं. म्हणाले, "मला तो डब्यातला ऐकायचा नाही. तुम्ही ऐका."

मैफल सुरू झाली. मला त्यातलं काय कळलं हे विचाराल तर डाव्या हाताचं आजही सांगता येणार नाही. पण ते फार सुंदर होतं, इतकं की समोरच्या माणसाला यातलं काही ऐकू येत नाही या विचाराने मला गलबलून आलं. वर बघायचा धीर होईना. शेवटी बघितलं, तर साहेबांची नजर खाली, माझ्या पायाकडे होती. माझा पाय कधी तालावर हलायला लागला होता कोण जाणे. मी ओशाळून तो थांबवला.

"थांबवू नका हो," साहेब म्हणाले. "त्याच्यावरून कळतंय मला, मैफल कुठं आलीय ते."