बाहेरून कुलूप, आत कादंबरी

आमच्या कॉलनीत कादंबऱ्यांवरचे अभिप्राय वरून खाली पडायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून दोरीला बांधलेली कापडी पिशवी खाली यायची, पिशवीत वाचून झालेलं पुस्तक असायचं, आणि पिशवी जमिनीला टेकायच्या आत शालिनीकाकूंचा आवाज खाली पोचलेला असायचा. "मंजे, याचा नायक बिनडोक आहे गं! सारखा गैरसमज करून घेतो. असल्या माणसाला मुलगी कोण देईल?" मी ऑफिसातून दमून आलेली, एका हातात डबा, दुसऱ्या हातात स्कूटीची किल्ली. समोरच्या बिल्डिंगमधली मंडळी चहाचे कप घेऊन उभी. नायकाची अक्कल सगळ्या गल्लीला कळायची. मला सुरुवातीला फार लाज वाटायची, पण नाशिक रोडच्या आमच्या त्या गल्लीत लाजेला कोणी फारसं विचारत नसे.

मखमलाबादहून भाजी घेऊन येणारी हिराबाई तर या अभिप्रायांची वाट बघायची. त्याच पिशवीत मेथीची जुडी टाकताना ती मान वर करून विचारायची, "काय वो काकू, आज कोन मेलं बुकात?"

"आज कोणी नाही मेलं, हिराबाई. एकदोघं मेले असते तर बरं झालं असतं, पुस्तक लवकर संपलं असतं."

"आन त्या पळून गेलेल्या पोरीचं काय झालं?"

"आली परत. नवऱ्याने माफ केलं म्हणे. चूक त्याची आणि माफ करणाराही तोच!"

"लय शाना हाय की मग," असं म्हणत हिराबाई हातगाडी पुढे ढकलायची.

काकू गॅलरीतून का बोलायच्या, तर त्यांच्या दाराला बाहेरून कुलूप असायचं. काका नोटा छापायच्या प्रेसमध्ये मशिनांच्या दुरुस्तीवर होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर निवृत्त झाले आणि हळूहळू विसरायला लागले. आधी चष्मा, मग माणसांची नावं, मग आपण निवृत्त झालोय हेच. दिवस वर आला की डबा मागायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि ड्यूटीवर निघायचे. एकदा सिन्नर फाट्यावर सापडले. एकदा स्टेशनापलीकडे रुळांच्या कडेने चालत होते, नशीब म्हणून हातीपायी धड परत आले. काकूंनी दाराला आतून कड्या लावून बघितल्या, पण ज्या माणसाने जन्मभर मशिनं खोलली त्याला कडीचं काय कौतुक? आतून कुलूप लावलं तर किल्लीसाठी घर डोक्यावर घ्यायचे, काकूंच्या अंगावर धावून जायचे.

मग एकदा काकू घाईत बाहेरून कुलूप लावून दळण आणायला गेल्या. धास्तावून परत आल्या तर काका खुर्चीत शांत बसलेले. म्हणाले, "गेट बाहेरून बंद आहे. मोजणी चालली असेल. हिशेब लागला की सोडतील." प्रेसमध्ये तशीच रीत होती. आतला हिशेब जुळेपर्यंत कोणी घरी जायचं नाही, आणि गेट उघडणारा माणूस बाहेर. आतल्या कुलपावर चिडणारे काका बाहेरच्या कुलपावर कधीच चिडले नाहीत. नोकरीत इतकी वर्षं त्याची सवय झालेली, सगळं विसरले तरी तेवढं राहिलं.

पण त्यांना एकटं ठेवून चालणार नव्हतं. म्हणून काकू आत, आणि कुलूप बाहेर. ते लावायचं काम माझ्या आईकडे आलं, कारण आम्ही तळमजल्यावर राहायचो आणि आईला नाही म्हणता यायचं नाही. सकाळची कामं उरकली की ती जिना चढायची, दारातच काकूंशी दोन शब्द बोलायची, कुलूप लावून ओढून बघायची आणि किल्ली आमच्या देवघराजवळच्या खिळ्याला अडकवायची. संध्याकाळी मी घरी आले की उघडायचं, तोवर काकांची ड्यूटी सुटलेली असायची. मधे काही लागलं तर काकू गॅलरीतून हाक मारायच्या. आईला हे काम अजिबात आवडायचं नाही. पहिले काही महिने ती कुलूप लावून आली की देवापुढे हात जोडायची. पुढे हातच सरावले. भाजीला फोडणी दिली की वर जायचं, इतकं ते रोजचं झालं.

पुस्तकं आणायचं काम माझ्याकडे होतं. स्टेशनजवळच्या वाचनालयातून जे हाताला लागेल ते मी उचलायची. काकू शिकलेल्या फार नव्हत्या, वाचनाची त्यांना आधी विशेष आवडही नव्हती. दिवस ढकलायला म्हणून त्यांनी सुरुवात केली, आणि म्हणूनच त्यांना कोणत्याही पुस्तकाची भीड पडत नसे. समीक्षकांनी डोक्यावर घेतलेली जाडजूड कादंबरी त्यांनी दोन दिवसांत परत पाठवली. "यातला माणूस नुसता खिडकीतून बाहेर बघत विचार करतो. ते मी फुकटात करते." ऐतिहासिक कादंबरीबद्दल म्हणाल्या, "घोड्यावर बसूनसुद्धा इतकं बोलतात, मग लढाईला वेळ कधी मिळाला यांना?" भुताटकीच्या पुस्तकात पात्रं मध्यरात्री दार वाजलं की थरथर कापायची, त्यावर त्या खूप हसल्या. "दार उघडतं म्हणून घाबरतात, बघ!" परदेशी कादंबऱ्यांच्या अनुवादातली नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. त्या सरळ बदलून टाकायच्या. "तो वसंता आहे ना, तो दारुडा जहागीरदार, त्याने बायकोला फसवलं," असं त्या सांगायच्या आणि मला वसंता कोण ते शोधायला मागची पानं चाळावी लागायची.

बंद खोलीतल्या खुनाची रहस्यकथा आणली तेव्हा मात्र मला जरा धास्ती वाटली होती. काकूंनी ती एका दुपारीत संपवली. "तीनशे पानं तो इन्स्पेक्टर डोकं खाजवतोय. खोली बंद, खून झाला कसा, खून झाला कसा! अरे बाबा, बाहेरची किल्ली कोणाकडे होती ते आधी विचार की!" त्या दिवशी आई अंगणात तांदूळ निवडत बसली होती. तिने ताट उचललं आणि ती आत निघून गेली.

घर सोडून जाणाऱ्या नायिकांवर त्यांचा विशेष राग होता. अशा कादंबऱ्या तेव्हा बऱ्याच निघायच्या आणि मला त्या आवडायच्या. काकू म्हणायच्या, "साडेतीन पानांत घर सोडलं हिने. दार ओढलं आणि चालू पडली. मंजे, घर इतकं पटकन सुटत असतं तर कादंबरी कशाला लिहावी लागली असती?" मी एकदा तावातावाने भांडले, की स्वातंत्र्याची पण काही किंमत असते. त्या ऐकून घेत म्हणाल्या, "असते ना. पण मागे राहिलेल्या माणसाला त्या संध्याकाळी औषध कोणी दिलं, ते एका ओळीत लिही म्हणावं. एकच ओळ. मग खुशाल जा."

त्यांना मनापासून आवडलेलं पुस्तक एकच. विज्ञानकथा होती, त्यांनी ती माझ्याकडे कधी मागितलीही नव्हती. एक अंतराळवीर यानात वर्षानुवर्षं एकटा फिरतोय, एवढीच गोष्ट. ते पुस्तक त्यांनी पिशवीतून सोडलं नाही. मी संध्याकाळी कुलूप उघडायला गेले तेव्हा हातात दिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "खिडकीतून सगळं दिसतं त्याला. पृथ्वी, समुद्र, ढग. आणि उतरता येत नाही. बरोबर लिहिलंय गं." गॅलरीतून न सांगितलेला हा त्यांचा एकमेव अभिप्राय.

काकू काही देवी नव्हत्या. काकांवर ओरडायच्या, भांडी आपटायच्या, बंगळूरच्या मुलाचा फोन आला की कधी कधी मुद्दाम घ्यायच्या नाहीत. मुलगा म्हणायचा, बाबांना एखाद्या केंद्रात ठेवू. त्या म्हणायच्या, "तिथे कुलूप लावणारा माणूस ओळखीचा नसेल." आईला एकदा म्हणाल्या, "वहिनी, एखाद दिवशी किल्ली हरवा हो. तेवढंच काहीतरी घडेल." आणि त्यांची एक इच्छा होती, ती त्या पुनःपुन्हा बोलून दाखवायच्या. "तू आणतेस ते मी वाचते. कुरकुर करते, पण वाचते. एकदा मला वाचनालयात जाऊन कपाटासमोर उभं राहायचंय. स्वतः हात घालायचा आणि एक पुस्तक काढायचं. एवढंच."

एका रविवारी आम्ही ते ठरवलं. आई काकांजवळ बसली. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली, पावडर लावली, मी खाली स्कूटी चालू केली. त्या फाटकापर्यंत आल्या आणि वरून काकांचा आवाज आला. गॅलरीच्या कठड्यावर ते अर्धे वाकलेले, आईने शर्ट धरून ठेवलेला. "शालू! अगं मोजणी झाली नाही अजून! गेटवर धरतील तुला! माघारी फीर!" त्यांना काकूंची खरंच काळजी वाटत होती. बायको पकडली जाईल म्हणून ते लहान मुलासारखे रडत होते. काकूंनी फाटकाचा धरलेला गज सोडला, म्हणाल्या, "बंद कर गं गाडी," आणि वर गेल्या. मला त्या दिवशी काकांचा इतका राग आला की संध्याकाळी मी कुलूप उघडायला आईला पाठवलं.

काका गेले ते दोन हजार पाच-सहाच्या थंडीत, झोपेतच. दिवसकार्य उरकलं. मुलगा म्हणाला, चल माझ्याकडे. काकू म्हणाल्या, थोडे दिवस इथे राहते, मग बघू. महिनाभराने मी त्यांना वाचनालयात घेऊन गेले. त्या कपाटासमोर उभ्या राहिल्या. पुस्तकांच्या पाठींवरून बोट फिरवत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेल्या, परत आल्या. मी मुद्दाम लांब थांबले. बऱ्याच वेळाने रिकाम्या हाताने माझ्याकडे आल्या. "तूच दे काढून," म्हणाल्या. पण त्यांनी काय, मी काय, कोणीही पुस्तक काढलं असतं तरी त्यांचं वाचन होत नव्हतं. पुस्तक उघडं ठेवून त्या दाराकडे बघत बसायच्या. कधीही उठून बाहेर जाता येईल अशा घरात त्यांना दोन पानांपलीकडे सरकता येईना. गॅलरीतून आवाज येणं बंद झालं. हिराबाई खालून विचारायची, "काकू, बुक बंद केलं का वो?"

आणि मग आईच्या हातून ते झालं. सकाळची कामं उरकली, भाजीला फोडणी दिली, आई जिना चढून गेली, दार लोटलेलं होतं, तिने कडी घालून तिथेच किल्लीसकट लटकणारं कुलूप लावलं, ओढून बघितलं, खाली आली आणि किल्ली खिळ्याला अडकवली. इतक्या वर्षांचा सराव, हाताला कोणी सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी मी आले आणि खिळ्याला किल्ली बघून विचारलं, "ही इथे कशी?" आईच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. आम्ही दोघी धावत वर गेलो. आईच्या हातातून किल्ली घेऊन मीच कुलूप उघडलं.

काकू खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर पुस्तक, शेवटचं पान उघडं.

"ताई, अहो हाक का नाही मारलीत?" आई रडायलाच लागली. "दिवसभर कोंडून घातलं मी तुम्हाला!"

"कुलूप ओढल्याचा आवाज आला, वहिनी," काकू म्हणाल्या. "आणि काय सांगू, मन लागलं हो. किती दिवसांनी! एका बैठकीत संपवलं." त्यांचा चेहरा उजळला होता. मला आठवतं, तो चेहरा बघून मला आनंद व्हायला हवा होता आणि भीतीच वाटली. आईने किल्ली त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती परत आईच्या हातात दिली. "उद्या पण या," म्हणाल्या.

आई गेली नाही. दुसऱ्या दिवशी काकूंनी गॅलरीतून हाक मारली, "वहिनी, येताय ना?" आई खाली अंगणात उभी राहून मान हलवत होती. आईला कोणाला नाही म्हणताना मी तेवढं एकदाच पाहिलं. "ताई, काही पण सांगा. ते नका सांगू. माझ्याने नाही होणार आता."

"मग मी वाचू कशी?" काकूंनी विचारलं. ते त्यांनी रागाने विचारलं नाही. खरंच माहीत नव्हतं म्हणून विचारलं.

त्याच उन्हाळ्यात त्या मुलाकडे बंगळूरला गेल्या. त्यांना पोचवायला आम्ही स्टेशनवर गेलो होतो. मी वाटेत वाचायला दोन पुस्तकं दिली, ती त्यांनी न बघताच पिशवीत टाकली. पुढे बरेच दिवस काही कळलं नाही. दिवाळीत मी फोन केला तेव्हा आवाज एकदम जुना, गॅलरीतला.

"मंजे, एक भंपक पुस्तक वाचतेय बघ. सुनेने कुठून तरी मराठी पुस्तकं मागवलीत. यातली डॉक्टरीणबाई पेशंट सोडून सारखी डोंगर बघते."

मला इतका आनंद झाला की मी ऑफिसातच मोठ्याने हसले. "म्हणजे वाचन सुरू झालं काकू! मन लागतं?"

"लागतं ना. इथले दोघं सकाळीच कामाला जातात. आणि इथलं दार फार छान आहे गं. बाहेर जाताना त्यांनी नुसतं ओढलं की आपोआप लागतं. खट् असा आवाज येतो. मला काही ते उघडता येत नाही," त्या म्हणाल्या, "आणि मी शिकतही नाही."