हळदीकुंकवाचे प्रश्न

किन्हवलीत हळदीकुंकवाला सामान्य ज्ञानाचे प्रश्न विचारायची पद्धत मी पाडली. देशांच्या राजधान्या, ग्रह, शास्त्रज्ञ, सगळं पेपरातून वेचून आणायचे मी. बायका वाण हातात धरून गप्प बसायच्या आणि शेवटी उत्तरंही मीच द्यायचे.

यंदा प्रश्न काढायचं काम माझ्या धाकट्या जावेला दिलं. तिने विचारलं, "राबाला कुठला पाला चांगला?" भाताचं रोप टाकायच्या आधी आम्ही पालापाचोळा जाळून जमीन भाजतो, तो राब. झालं! अर्ध्या बायका म्हणाल्या ऐनाचा, बाकीच्या ओरडल्या, "नाय गो, शेण पायजे!" टोकावड्याहून माहेरी आलेली पोरसुद्धा भांडायला उठली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. याला काय सामान्य ज्ञान म्हणतात?

शेवटचा प्रश्न तिने माझ्याकडे बघत विचारला, "आपल्या गावात हे प्रश्न कोणी सुरू केले?" सगळ्यांनी माझंच नाव घेतलं. बक्षिसाचा स्टीलचा डबा जावेने माझ्या हातात ठेवला.

"काय प्रश्न काढलास गो!" बायका तिला म्हणाल्या.

उत्तर मी होते, आणि टाळ्या तिला.