वाढल्या म्हण

पौडच्या बाजारात रहिमतबीचं बांगड्यांचं दुकान म्हणजे एक गोणपाट, चार पेट्या आणि तिची जीभ. बांगडी फुटली असं तिच्यापुढं म्हणायची कुणाची छाती नव्हती. "फुटली न्हाई गं भवाने, वाढली म्हण!" काचेच्या धंद्यात जन्म गेला, पण तो अशुभ शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नाही.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. भरे गावच्या जाईबाईचा नवरा गेणबा बांधाच्या भांडणात खून करून बसला होता. त्याला फाशी लागली. दिल्लीनं दयेचा अर्ज फेटाळला आणि जाईबाईला शेवटच्या भेटीचं बोलावणं आलं. भेटीला जायच्या आदल्या दिवशी ती बांगड्या भरायला आली. शेजारी बसलेली बाई पुटपुटली, "चार दिसांत फोडायच्याच हायेत, कशाला भरतीया?"

रहिमतबी उसळली. "त्यो जित्ता हाय तवर ही सवाशीण हाय. जीभ झडो तुझी!" आणि तिनं जाईबाईचा हात चेपून चेपून हिरवा चुडा कोपरापर्यंत भरला.

पुढच्या बाजाराला जाईबाई मोकळ्या हातांनी समोरून चालली होती. रहिमतबीनं तिला बोलावलं, मनगट हातात घेतलं आणि हळूच विचारलं, "वाढल्या व्हय गं, बाय?"

"आजारानं गेला असता तर वाढल्या म्हणलं असतं, मावशी. माझ्या तर सरकारनं तारीख लावून फोडल्या."

फोडल्या, असं ती पुन्हा म्हणाली, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं. रहिमतबीनं तिला टोकलं नाही.