दुसऱ्याच बाईची पानं

सलग अकरा पुस्तकं खरं बोलणारी बाई बाराव्यात खोटं बोलली, तर तुम्ही काय कराल? पुस्तक मिटून चहा ठेवाल ना? म्हणूनच मी छातीठोकपणे सांगते, माझ्या मैत्रिणीच्या सासूसारखा वाचक अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात नाही. आणि गेल्या कित्येक वर्षांत या काकूंनी स्वतः एक ओळही वाचलेली नाही.

त्या हुपरीच्या. घरातच चांदीच्या पैंजणांचं काम. बारीक कड्या जोडून जोडून नजर गेली. आता बोटांच्या अंदाजानं जोडतात. रहस्यकथांचं वेड मात्र गेलं नाही, म्हणून त्यांनी सून शोधली ती आवाज बघून. मैत्रिणीला बघायला आल्या तेव्हा स्वयंपाक, शिक्षण, काही विचारलं नाही. पिशवीतून पुस्तक काढलं आणि खुनाचा प्रसंग मोठ्यानं वाचायला लावला. मैत्रिणीचा आवाज भीतीनं कापत होता. "पसंत हाय," काकू म्हणाल्या, "पोरगी जीव लावून वाचती." तेव्हापासून रोज दुपारी सून वाचते आणि सासू कड्या जोडते. पुस्तकात प्रेत सापडलं की काम बंद. एकदा माल न्यायला आलेल्या माणसाला त्यांनी दारातच अडवलं, "थांबा पावणं, मयत झालीया." त्यानं बिचाऱ्यानं टोपी काढली आणि प्रकरण संपेपर्यंत मान खाली घालून उभा राहिला.

त्यांची लाडकी मालिका एकच. तिच्यातल्या गुप्तहेर नायिकेला चांगलं नाव आहे, पण काकूंसाठी ती "आमची बाई". या बाईनं स्वतःच्या गुरूला तुरुंगात धाडलं, ठरलेल्या नवऱ्याविरुद्ध साक्ष दिली. माझे वडील मोर्चांची पत्रकं घरी आणायचे आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली; असली नायिका मला आवडणारच. पण मी नुसत्या टाळ्या वाजवल्या. काकू तशा वागल्या. त्यांच्या सख्ख्या भावानं एका गिऱ्हाइकाला हलका माल अस्सल म्हणून दाखवला. गिऱ्हाईक खात्री करायला काकूंकडे आलं. काकूंनी पैंजण हातावर तोललं, वाजवून ऐकलं आणि सांगितलं, "भेसळ हाय." भाऊ दोन गल्ल्या सोडून राहतो. त्या दिवसापासून त्यानं बहिणीचा उंबरा ओलांडलेला नाही.

मग आला बारावा, शेवटचा भाग. खुनी निघाला बाईचाच धाकटा भाऊ. बाईनं पुराव्याचं पत्र चुलीत घातलं आणि पोलिसांना सांगितलं, मला काही सापडलं नाही.

"परत वाच," काकू म्हणाल्या. सुनेनं परत वाचलं. "चष्मा लाव आन् वाच." तिसऱ्यांदाही पत्र जळलंच.

दुसऱ्या दिवशी त्या एसटीनं कोल्हापुरात आल्या आणि मला घेऊन वाचनालयात गेल्या. पुस्तक टेबलावर आपटून ग्रंथपालांना म्हणाल्या, "ह्यात दुसऱ्याच बाईची पानं शिवल्यात. बदलून द्या."

ग्रंथपालांनी मुकाट्यानं दुसरी प्रत काढली. मी वाचून दाखवली. तेच!

"ही बी त्याच बायंडरनं शिवलीया की!"

"काकू, बायंडर गोष्ट लिहीत नाही हो."

"मग लिवणाऱ्याला घरच्यांनी गाठलं आसंल."

माझं तर डोकंच फिरलं. बाहेरच्या कट्ट्यावर बसून मी पत्रक लिहायला घेतलं: 'नायिकेच्या शरणागतीचा धिक्कार असो! जाळलेलं पत्र हजर करा!' काकूंना खड्या आवाजात वाचून दाखवलं.

"वरडू नगंस," त्या म्हणाल्या. "मला येवढंच सांग. बाई चुकली, का मी चुकलो?"

"तुम्ही नाही चुकलात. पुन्हा वेळ आली तरी हेच करा."

"करीन की. पन शेवटच्या पानावर तिचा भाऊ तिच्याकडं जेवाय बसलाय. भाकरी वाढतीया ती त्याला."

पत्रक तिथंच थांबलं. ती बाई चुकली, असं मी आजही म्हणते आणि उद्याही म्हणेन. अकरा भागांची पुण्याई असली तरी खोटं ते खोटंच. पण त्या भाकरीला उत्तर देईल अशी घोषणा माझ्याकडे नव्हती.

काकू उठल्या, पुन्हा आत गेल्या आणि पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर माझ्याकडून पेन्सिलीनं लिहून घेतलं: 'बाईनं भावाला वाचवलं ते बरोबर केलं का? वाचणाऱ्यानं उत्तर द्यावं.'

"अहो, हे नियमात बसत नाही!" ग्रंथपाल ओरडले.

"बाईचं तरी कुठं बसतंय?" काकू म्हणाल्या.

आता त्या दर गुरुवारी येतात आणि पान उघडून ग्रंथपालांपुढं धरतात. आजवर एकच उत्तर आलंय, 'शेवट भारी!' ते त्यांनी धरलेलं नाही. माझंही धरत नाहीत. मी घरातली म्हणे.

तेव्हा कोल्हापुरात आलात तर त्या वाचनालयात जा, बारावा भाग मागा, शेवटचं पान उघडा आणि उत्तर लिहा. काकूंना बरं वाटावं म्हणून लिहू नका, त्या लगेच ओळखतील. तुम्हाला खरं वाटतं तेच लिहा. जमलं तर या गुरुवारच्या आत.