स्वखुशीने

"पेन परत नको. घेऊन जा," मॅडम म्हणाल्या.

मी कारखान्याच्या फाटकाबाहेर उभी होते. मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीतला मसाल्याचा कारखाना. त्याच फाटकातून मी नऊ वर्षं आत गेले, मिरचीपूड पिशव्यांत भरली. त्या दिवशी वॉचमनला सांगून ठेवलं होतं, हिला आत सोडायचं नाही. मालकीणबाई, म्हणजे आमच्या मॅडम, मास्कवर मास्क लावून आल्या. वॉचमनच्या स्टुलावर एक कागद ठेवला, वर पेन. मग मागे सरकल्या आणि मला हाताने खूण केली. कुत्र्याला भाकरी टाकून माणूस मागे सरतो, तशा.

मला टीबी झाला होता.

खोकला आधीपासून होता. पण तिथे सगळ्याच बायका खोकायच्या. मिरचीचा खकाणा नाकातोंडात जायचा. आम्ही एकदा मास्क मागितले होते. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "पदर कशाला असतो?"

रक्त पडलं तेव्हा कामगारांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी औषधं दिली, रजेचा दाखला दिला, आजारपणाचा भत्ता सुरू झाला. घरी आईने माझं ताट वेगळं केलं. आम्ही बौद्ध. माझी आजी गाव सोडून पुण्याला आली, ती हॉटेलातल्या वेगळ्या कपाला कंटाळून. आणि आई माझं ताट वेगळं घासत होती. घासताना रडत होती. मलाच वाटायला लागलं होतं की मी घाण आहे.

म्हणून फाटकाबाहेर उभं केलं, तेही मला आधी बरोबरच वाटलं. ही माझी लाज आहे, ती मी लपवणार नाही.

मी मॅडमना सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, आता माझ्यापासून कुणाला लागण होणार नाही. अजून थोडे महिने औषध आणि आराम. मग कामावर येते."

"डॉक्टरांचं काय जातंय? त्यांना मसाला विकायचा नसतो." मग अगदी मऊ आवाजात, "हे बघा, मी कुणाला दोष देत नाही. तुमच्या वस्तीत हे होतंच. पण आपला खायचा माल आहे. आपण आता आराम करा. कायमचा."

तुमच्या वस्तीत. हे दोन शब्द मी ओळखते. आजीही ओळखायची.

खिडकीत बायका उभ्या होत्या. शालन होती. नऊ वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. माझी नजर गेली तशी तिने मान खाली घातली.

मी कागद उचलला. सही करायलाच उचलला होता. पहिलीच ओळ, 'मी माझ्या स्वखुशीने राजीनामा देत आहे.'

हात थांबला.

"यात स्वखुशीने लिहिलंय."

"तसंच लिहितात."

"माझी खुशी नाही."

मॅडम हसल्या. "मग कुणाची आहे?"

"तुमची. तुम्ही मला काढताय. तसं तुम्ही लिहून द्या. मी घेते."

त्यांनी लिहून दिलं नाही. "कुणीतरी शिकवून पाठवलंय," एवढंच वॉचमनला म्हणाल्या आणि आत गेल्या. कुणी शिकवलं नव्हतं. मी सही न करताच कागद स्टुलावर ठेवला आणि निघाले.

कायदा मला नंतर कळला. पर्वतीला राहणाऱ्या युनियनच्या एका ताईंनी सांगितलं, आजारपणाचा भत्ता चालू असताना मालकाला कामगार काढता येत नाही. मी त्यांना दोनदा विचारलं. मग घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. एवढी वर्षं तो कायदा होता. माझ्यासाठी होता. आणि मी फाटकाबाहेर अंग चोरून उभी होते.

कामगार कोर्टात तक्रार केली. कारखान्याने उत्तर दिलं, बाई न सांगता काम सोडून गेली. शालनने साक्ष दिली, हो, ती आपणहून गेली. बाहेर आल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "अगं, माझी पोरं लहान आहेत." मी म्हटलं, "आहेत."

परवा कारखान्याचे वकील कोर्टाच्या व्हरांड्यात भेटले. "बाई, काहीतरी घ्या आणि मिटवा. या तारखांनी तब्येत खालावेल." वर काळजीचा चेहरा.

मी म्हटलं, "मला काम पाहिजे."

मिटवणार नाही. हरले तर वरच्या कोर्टात जाईन. ही मरेल आणि प्रकरण संपेल, असा कुणाचा हिशेब असेल, तर त्यांनी ऐकून ठेवावं. माझी औषधं संपली. मी बरी झाले आहे.