पाळकांनी धरलेला हात

मोहफुलांचा उग्र गोड वास आला की आजही मला नदीवरची ती सकाळ आठवते. एटापल्लीकडच्या आमच्या गावाजवळ त्या सकाळी मी ख्रिस्ती व्हायला, बाप्तिस्म्यासाठी, चर्चच्या पाळकांसोबत नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभी होते, आणि मोहफुलं वेचायला निघालेलं अर्धं गाव टोपल्या खाली ठेवून काठावर काठ्या घेऊन जमलं होतं. "पोरीले फसवलं," कोणीतरी ओरडलं. माझा काका हात जोडून म्हणत होता, "घरी चाल माय, गावदेव कोपते." त्यांच्या आणि आमच्या मधे, गुडघाभर पाण्यात, चंद्रपूरहून आलेली एक कार्यकर्ती उभी होती, ती कुठलाच देव मानत नव्हती, पण ज्याचा धर्म त्यानं निवडावा म्हणून आमच्यासोबत आली होती. बुडवण्याआधी आमच्यात विचारतात तसं म्हाताऱ्या पाळकांनी मोठ्यानं विचारलं, "तुह्या मनानं आली ना?" मी घाईघाईनं हो म्हटलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. "थरथरून राह्यली तू. पाण्यानं का लोकायच्या भेवानं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "लोकायच्या." "मंग आज नाई," ते म्हणाले. कार्यकर्ती चिडली, "अहो, हा तिचा हक्क आहे." "म्हणूनच बाई," पाळक म्हणाले, "भेवानं म्हटलेलं हो मले नाई चालत." काका मला ओल्या कपड्यांनी घरी घेऊन गेला. बाप्तिस्मा मी पुढे घेतला, तेव्हा काठावर माझा टॉवेल धरून तीच कार्यकर्ती उभी होती. पण आजही कशालाही हो म्हणण्याआधी मी हात थरथरतोय का ते पाहते.