दिव्यांचं तोंड समुद्राकडे

माझे सासरे झिहनी उस्ता आभाळात लिहायचे. रमजानात मशिदीच्या दोन मिनारांमध्ये दोर ताणायचे, त्यावर तेलाचे दिवे एकेक करून ओढत न्यायचे आणि सगळ्या मोहल्ल्याला वाचता येईल असं एखादं वचन उजळायचे. हात देवाचा, जीभ मात्र मिरचीची. सूप अळणी झालं तर वाडग्याला हात न लावता विचारायचे, "आज मशिदीतल्या मांजरांसाठी शिजवलंस का?" महायुद्धाच्या वर्षांत शहरभर अंधाराचा हुकूम होता. तेव्हा हा माणूस घरात बसून वाती वळायचा आणि माझं डोकं खायचा.

सेहेचाळीसच्या वसंतात नगरपालिकेचा कारकून दारात आला. मिसुरी नावाची अमेरिकेची युद्धनौका येतेय म्हणाला, तिकडे वारलेल्या आपल्या राजदूताचं शव घेऊन. पाहुण्यांसाठी त्यांच्या भाषेत 'वेलकम' लिहायचं.

"रमजान नाही, सण नाही," सासरेबाबा म्हणाले. "मिनार म्हणजे काय सिनेमाचा फलक वाटला तुम्हाला?"

कारकून तोंड पाडून निघाला. मी त्याला दारातच थांबवलं आणि बाबांसमोर जाऊन उभी राहिले. माझा नवरा तहसीन चौथं वर्ष पूर्वेकडे, रशियाला लागून असलेल्या कार्सच्या सरहद्दीवर बर्फात उभा होता. जर्मन हरले, जगभरचे शिपाई घरी निघाले. पण रशियाला आमच्या सामुद्रधुनीत तळ हवा होता, कार्सही हवं होतं, म्हणून आमच्या माणसाला सुट्टी नाही.

"बाबा, एका शवाबरोबर कुणी एवढ्या तोफा पाठवतं का? ही नौका रशियाला दाखवायला येतेय. तो दबला तर तहसीन घरी येईल. लिहा ना!"

ते मिशी चावत बसले. मग एकदम ओरडले, "अगं, बघत काय राहिलीस? वातींची टोपली आण!"

मग काय विचारता! नाक्यावरचे औषधवाले आर्तिन एफेंदी अमेरिकन शाळेत शिकलेले. त्यांनी शब्द कागदावर काढून दिला. पहिलंच अक्षर, डब्ल्यू, आमच्या रोमन लिपीत नव्हतं. "हे तर आपलं एम, उताणं पडलंय," बाबा म्हणाले आणि कामाला लागले. गल्लीत जो तो भिंतींना चुना फासत होता. रेशनचा पाव खाणारे आम्ही, पण चालीत असा तोरा की जणू प्रत्येकाच्याच घरी जावई येतोय.

नौका यायच्या दोन दिवस आधी संध्याकाळी बाबांनी दिवे पेटवून पाहिले. मी तेव्हा सामुद्रधुनीपलीकडे उस्कुदारला आईकडे गेले होते. परतताना बोटीतून मिनार दिसले, दिवे दिसले, आणि मी शेजारच्या मासेवाल्याला कोपरानेच ढोसलं. "ते बघा! माझ्या सासऱ्यांनी लिहिलंय!"

त्याने डोळे बारीक केले. "काय लिहिलंय?"

मी पुन्हा पाहिलं. अख्खा शब्द उलटा होता, आरशात दिसावा तसा.

"अहो वहिनी, ही तर रशियन अक्षरं दिसतायत!" मासेवाला खिदळला. "नक्की कुणाला बोलावलंय तुमच्या सासऱ्यांनी?" सगळी बोट हसली. बाबांनी जन्मभर शहराकडे तोंड करून लिहिलं होतं, आताही सवयीने तसंच लिहिलं. समुद्रावरून कोण वाचणार आहे, हे त्यांच्या मनातच आलं नाही.

धक्क्यावरून मी धावतच सुटले.

"बाबा, उलटं आहे!"

"उलटी तुझी खोपडी! सगळ्या मोहल्ल्याने वाचलं, टाळ्या वाजवल्या."

"नौका काय मोहल्ल्यात नांगर टाकणार आहे?"

बाबा मटकन पायरीवर बसले. म्हणाले, "म्हणजे परक्यांनी सरळ वाचायचं आणि आपल्या माणसांनी उलटं बघायचं?"

"एवढ्या वेळेपुरतं बघू उलटं. तहसीन येऊ दे, मग आमच्यासाठी लिहा."

दुसऱ्या दिवशी सगळे दोर उतरवले. क्रम फिरवून, पलीकडच्या मिनारावरून सगळं नव्याने बांधायचं होतं. बाबांचे गुडघे बोलू लागले, तेव्हा दिव्यांच्या टोपल्या घेऊन मीच वर चढले. बाईमाणूस मिनारावर! इमामसाहेबांनी नेमका तेव्हाच, खाली मान घालून, नमाजाआधी हातपाय धुण्याचा वजू करायला घेतला, आणि तो काही केल्या संपेना.

नौका आली त्या सकाळी तोफांनी आमच्या खिडक्या थरथरल्या. काय ती नौका! लोखंडाचा डोंगरच पाण्यावर. माणसं झाडांवर, छपरांवर, एकमेकांच्या खांद्यांवर. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. मला तर वाटलं, रशिया आता रात्रीच गाशा गुंडाळणार. संध्याकाळी दिवे लागले आणि नौकेवरून शिट्ट्या आल्या, आरोळ्या आल्या. बाबांनी माझ्या पाठीत इतक्या जोरात थाप मारली की मी पडता पडता वाचले.

दुसऱ्या दिवशी आर्तिन एफेंदी एका उंच, ठिपकेदार चेहऱ्याच्या खलाशाला घरी घेऊन आले. आभाळात लिहिणारा माणूस कोण, ते त्याला पाहायचं होतं. त्याने बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. मी द्राक्षाच्या पानांतल्या भाताच्या गुंडाळ्या पुढे ठेवल्या.

बाबांना कौतुक ऐकायचंच नव्हतं. "आर्तिन एफेंदी, त्याला विचारा. आता माझा मुलगा घरी कधी येणार?"

आर्तिनांनी विचारलं. खलाशाचा घास हातातच राहिला. तो हळू आवाजात बराच वेळ बोलला आणि आर्तिन एफेंदी नुसते चष्मा पुसत राहिले.

"सांगा की हो!" मी ओरडले.

"तो म्हणतोय, युद्ध संपल्यापासून त्याची आईही हेच विचारतेय. तुमच्याकडचं काम उरकलं की घरी सोडतील, असं त्याने ऐकलंय." आर्तिन थांबले. "ते कधी उरकेल, असं तो तुम्हालाच विचारतोय."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. आमच्या तहसीनपेक्षाही लहान होता तो.

"याला अजून वाढ," ते म्हणाले.

मी सगळं भांडं त्याच्या ताटलीत रिकामं केलं आणि तिथेच, परक्या माणसासमोर, ढसाढसा रडले.